फिरवणार कोण? घरच्या पिठासाठी हातचक्की निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर चौघांचं. आजी ६७ वर्षांच्या, मुलगा आणि सून नोकरी करणारे, नातू १७ वर्षांचा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वजनं आणि वेळा मात्र तेव्हा वहीत टिपल्या तशाच इथे आहेत. छोट्या हातयंत्रांची दुरुस्ती आणि जुळणी हे माझं काम, आणि मुलाची माझी जुनी ओळख, एवढ्यावर मी या घरात शिरलो.

घरी दळायचं ठरवण्यामागे तीन कारणं होती. वादळाच्या दिवसांत त्यांच्याकडे वीज दोन-दोन, तीन-तीन दिवस जाते, आणि अशाच एका खेपेला डबाभर गहू असून घरात पीठ नव्हतं. दुसरं कारण ताजेपणाचं. गव्हाच्या दाण्यात अंकुराचा वाटा वजनाने जेमतेम अडीच-तीन टक्के, पण त्यात तेलाचं प्रमाण दाण्याच्या बाकी भागांपेक्षा बरंच जास्त असतं. दाणा अखंड आहे तोवर ते झाकलेलं राहतं. दळला की हवेला उघडं पडतं, आणि कोंड्यातली विकरंही (एन्झाइम) त्याला भिडतात. म्हणून कोंड्या-अंकुरासकट दळलेलं पीठ मैद्यापेक्षा कितीतरी लवकर खवट होतं. कोरडा ठेवलेला गहू वर्षभर टिकतो, त्याचं पीठ तसं टिकत नाही. तिसरं कारण आवाजाचं. शेजाऱ्यांची आणि यांची भिंत एकच, आणि सुनेला वेळ मिळायचा तो रात्री नऊनंतर.

नातवाने चौथं कारण जोडलं, "व्यायाम होईल." हा उत्साह अकरा दिवस टिकला. वहीत तशी नोंद आहे.

मी पोचलो तेव्हा पहिली चक्की येऊन दोन महिने झाले होते. बिडाची, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची, वर पत्र्याचं नरसाळं, पुढे दोन उभ्या तबकड्या. मुलाने ती फोटो बघून घेतली होती. फोटोत नरसाळ्यात गहू होता. पण या घडणीची चक्की मुळात ओल्या मक्यासाठी आहे. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका भरडायला ती अनेक घरांत वापरतात. तो दाणा मऊ असतो, त्याला चेंगरलं तरी काम होतं. कोरडा गहू चेंगरून भागत नाही. त्याला कापावं लागतं, मग घासावं लागतं.

अडचण

सुनेची तक्रार एका वाक्याची होती, "पीठ बारीक पडत नाही." नातवाची त्याहून छोटी, "हात दुखतो." आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या चक्कीला दोनदाच हात लावला होता.

मी नरसाळं काढलं, चक्की रिकामी ठेवली आणि दांडा सावकाश फिरवला. दोन तबकड्यांमधली फट एका जागी कागद जाईल एवढी होती. अर्धा फेरा झाला की तिथून तांदळाचा दाणा गेला असता. फिरती तबकडी डगमगत होती, कारण तिचा दांडा साध्या बिडाच्या भोकात फिरत होता आणि ते भोक झिजून मोठं झालं होतं. अशा चक्कीत फट कमी-जास्त करणारा पेच कितीही आवळा, अर्ध्या फेऱ्यात धातूवर धातू घासतो आणि उरलेल्या अर्ध्यात कणी तशीच निसटते.

तरी मोजून पाहिलं. ५०० ग्रॅम गहू, तीन वेळा काढला, मिळून २४ मिनिटं. अर्धा मिलिमीटर भोकाच्या चाळणीवर १९० ग्रॅम शिल्लक राहिलं. त्यात कोंड्याची पापडी थोडी, बाकी टणक कणी. चिमूट घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळली तर वाळू चोळल्यासारखं वाटायचं. टेबलाखाली फरशीवर पिठाचा पांढरा अर्धगोल पडलेला. आजी म्हणाल्या, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तसं झालंय आमचं."

हे सगळं दिसत होतं. मला अडचण वाटली ती वेगळी. रोज पीठ किती लागतं, असं विचारलं तर तिघांनी तीन आकडे सांगितले. सून म्हणाली किलोभर, मुलगा म्हणाला दीड, आजी म्हणाल्या, "अर्ध्याला थोडं वर." आणि रोज फिरवणार कोण, यावर तिघांनी चौथ्याकडे पाहिलं. ही दोन उत्तरं हाती नसताना कुठलीही चक्की चांगली किंवा वाईट ठरत नाही.

आधी मोजमाप, मग बाजार

पहिला निर्णय काहीही न घेण्याचा होता. दहा दिवस पिठाच्या डब्याशेजारी काटा आणि वही ठेवायची, काढलेलं प्रत्येक पीठ लिहायचं. मुलाला हा वेळकाढूपणा वाटला. त्याने तसं तोंडावर सांगितलंही, कारण एका चक्कीवरची सवलत चार दिवसांत संपत होती. ती संपू दिली.

दहा दिवसांत ५.९ किलो गेलं, म्हणजे दिवसाला ५९० ग्रॅम. आजींचा अंदाज सगळ्यांत जवळचा निघाला. पीठ मळणारा हातच बरोबर सांगतो, हे मी आणखी दोन घरांत पाहिलं आहे.

आता कागदावरचा हिशेब. घरगुती विजेच्या छोट्या दगडी चक्क्या साधारण ३५० ते ४०० वॉट घेतात आणि मिनिटाला १०० ग्रॅमच्या आसपास बारीक पीठ देतात. म्हणजे किलोला साठेक वॉट-तास. त्यातला काही भाग मोटर तापण्यात जातो. दगडांपर्यंत चाळीसेक पोचतात असं धरू. धडधाकट माणूस हाताने दांडा फिरवत सलग ५० वॉट काढू शकला तर ते चांगलंच म्हणायचं. म्हणजे किलोला पाऊण तासाच्या वर, आणि ५९० ग्रॅमला जवळजवळ अर्धा तास. रोज.

ही वेळ कुठल्याही चक्कीने फार बदलत नाही, हे या हिशेबातून कळतं. दाणा बारीक करायला जे काम लागतं ते लागतंच. चांगली चक्की ते काम वाया घालवत नाही आणि हाताला सोसेल अशा रीतीने मागते, एवढंच. "सहज फिरते" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, किती वेळात किती ग्रॅम? सहज फिरणारी चक्की बहुधा प्रत्येक फेऱ्याला कमी दाणे घेत असते.

सुनेने हिशेब दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, अर्धा तास रोज म्हणजे आपल्यातल्या कुणाचा?"

आजी म्हणाल्या, "माझा धरू नका. माझा खांदा दहा मिनिटांचा आहे."

हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं. चक्की निवडताना यंत्राची मापं सगळे विचारतात, शरीराची कुणी विचारत नाही. सीरियातल्या अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीतल्या सांगाड्यांवर हाडांच्या अभ्यासक थेया मोलेसन यांनी काम केलं. त्यावरचा त्यांचा लेख १९९४ साली आला. पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कंबर यांवरच्या खुणा त्यांनी गुडघ्यांवर बसून तासन्‌तास पाट्यावर धान्य घासण्याशी जोडल्या. दळणाचा भार हाडांत उतरतो. आपल्या घरात तो दहा मिनिटांतच खांद्यात उतरणार होता.

समोरचे पर्याय

असलेली चक्कीच सुधारावी, हा पहिला विचार. भोकात पितळी बुश (दांड्याभोवती बसणारी नळी) बसवला, तबकडीमागे पातळ पत्र्याची चकती घातली तर डगमग कमी झाली असती. पण तबकड्यांचे दाते ओल्या मक्याच्या मापाचे, खोल आणि विरळ. फट सरळ केली तरी पीठ रव्याच्या पुढे गेलं नसतं. ती भरडीसाठी ठेवायची ठरली.

विजेची चक्की हा पर्याय मी मुद्दाम टेबलावर ठेवला. तीनपैकी ताजेपणाचं कारण ती हातचक्कीहून चांगलं सांभाळते. विजेच्या चक्क्यांचा आणखी एक प्रकार आहे, त्यात दाणा दळला जात नाही, प्रचंड वेगाने फिरणाऱ्या दात्यांवर आपटून फुटतो. तो वेग हाताने येतच नाही, त्यामुळे तशी चक्की हातासाठी मिळत नाही, आणि तिचा आवाज रात्री नऊनंतरचा नव्हे. वीज जाण्याचं कारण मुलाला सगळ्यांत मोठं वाटत होतं, म्हणून विजेचा पर्याय तिथेच पडला. तो इतक्या लवकर पडायला नको होता, त्याबद्दल पुढे येईल.

सायकलला जोडायची कल्पना नातवाची. पायांत हातांपेक्षा जास्त ताकद असते हे खरं. जागा नव्हती, विषय संपला.

उरले दोन नमुने. एक छोटी, हलकी चक्की. पोलादी दात्यांचा शंकू एका पोकळ शंकूत फिरतो, कॉफीच्या चक्कीसारखा. दुसरी जड बिडाची, दांड्याला बॉल बेअरिंग, बाजूला मोठं जड चाक, आणि आतली दळणारी जोडी बदलता येणारी: दगडाची किंवा पोलादाची.

दगड की पोलाद, यावर घरात दोन संध्याकाळी गेल्या. लोक यावर भांडतात तेवढा तो गहन नाही. अशा चक्कीतला दगड बहुधा खाणीतून कापलेला नसतो. कुरुंदासारखे कठीण कण सिमेंटसारख्या चिकट पदार्थात घट्ट बसवून तो घडवतात. तो कोरड्या दाण्याचं पोलादापेक्षा बारीक पीठ करतो. पण त्याला ओल आणि तेल चालत नाही. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन घातलं की दगडाची छिद्रं बुजतात, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि दाणे नुसते घरंगळतात. पोलादाला तेलकट दाणा चालतो, ओलाही चालतो, फक्त लगेच धुऊन, पुसून, वाळवून ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी गंज. पिठाचा स्पर्श थोडा खरखरीत राहतो. हाताने दळताना पीठ तापून बिघडेल ही भीती दोन्हीकडे फोल आहे. तेवढा वेगच नसतो.

या घराला पातळ लाटता येईल असं गव्हाचं पीठ रोज हवं होतं आणि तेलबिया महिन्यातून एकदा. म्हणजे दगड मुख्य, पोलाद जोडीला. दोन्ही जोड्या घेणारी चक्की मिळत असेल तर वादच नको.

चाचणी

विकत घेण्याआधी दोन्ही नमुने ओळखीच्यांकडून दोन रविवारांसाठी मागून आणले. एकाच पोत्यातले गहू, प्रत्येक वेळी ५०० ग्रॅम, तीच अर्धा मिलिमीटरची चाळण, आणि तिघांनी आळीपाळीने फिरवायचं. मुलगा वेळ लिहीत होता.

छोट्या शंकूवाल्या चक्कीने एका फेरीत ३१ मिनिटं घेतली. पीठ बरं, चाळणीवर ९५ ग्रॅम उरलं. ती हलकी फिरते म्हणून आजींना आवडली. पण वरचं भांडं इतकं लहान की पाच वेळा भरावं लागलं, आणि चक्कीच हलकी असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला टेबलासकट नाचत होती. नातवाने एका हाताने चक्की दाबून धरली आणि दुसऱ्याने फिरवली. म्हणजे एका माणसाचे दोन्ही हात गुंतले, आणि दाणा कुठे अडकला तर तिसरा हात कुठून आणायचा?

जड चक्कीने पोलादी जोडीवर १६ मिनिटं घेतली, चाळणीवर १०० ग्रॅम. दगडी जोडीवर १९ मिनिटं, ६० ग्रॅम, आणि ते जवळजवळ सगळं कोंड्याची पापडी होतं. चिमटीत चोळल्यावर पीठ बोटांच्या रेषांत बसलं. सून काही बोलली नाही. तिने चिमूटभर जिभेवर ठेवलं, दात हलके घासून पाहिले आणि मान हलवली. कचकच नव्हती.

चाकाबद्दल एक गैरसमज तिथेच दूर करावा लागला. मुलाला वाटत होतं की जड चाक काम कमी करतं. चाक काम कमी करत नाही, वाटून देतं. हाताने फिरवताना प्रत्येक फेऱ्यात दोन जागा अशा येतात, सगळ्यांत वर आणि सगळ्यांत खाली, जिथे हाताला धड ढकलताही येत नाही आणि ओढताही येत नाही. हलक्या चक्कीत दाणा नेमका तिथे अडतो आणि मनगटाला झटका बसतो. जड चाक आधीच्या ढकलण्यातलं थोडं साठवून तिथून पार करतं. झटका गेला की तोच माणूस जास्त वेळ फिरवतो.

दगडाचं १९ मिनिटांना ५०० ग्रॅम म्हणजे मिनिटाला २६ ग्रॅम. रोजच्या ५९० ग्रॅमला २३ मिनिटं. कागदावरच्या अर्ध्या तासापेक्षा थोडं बरं. इथे घरात एकमत झालं आणि मला वाटलं की काम संपलं.

उंचीचा घोळ

काम संपलं नव्हतं. नवी चक्की आली, जुन्याच जेवणाच्या टेबलाला तिच्या पकडीने आवळली, आणि तिसऱ्या दिवशी टेबलाच्या कडेचा पापुद्रा उचलला गेला. प्लायची फळी होती. पकडीच्या स्क्रूने खालून वर्तुळ कोरलं होतं, आणि वरून चक्कीचा बुंधा प्रत्येक फेऱ्याला पाव-अर्धा अंश वळत होता. चक्कीची किंमत मोजताना बैठकीची मोजायची राहिली, ही चूक माझी. यादीत मी तिला ओळही दिली नव्हती.

जाड लाकडी फळी, खाली चौकट, चौकट भिंतीला पक्की, आणि चक्की पकडीने नव्हे तर १० मिलिमीटरच्या आरपार बोल्टांनी. सुताराचे दोन दिवस. डगमग शून्यावर आली आणि १९ मिनिटांची १७ झाली. दोन मिनिटं आधी टेबल हलवण्यात जात होती, असंच म्हणायचं.

मग आजींचा प्रश्न उभा राहिला. या चक्कीच्या दांड्याला मुठीसाठी तीन भोकं आहेत: मध्यापासून २०, २५ आणि ३० सेंटिमीटरवर. मी मोठ्या ऐटीत मूठ ३० वर लावली. गणित सोपं आहे. मिनिटाला ६० फेरे आणि ५० वॉट धरले तर २० सेंटिमीटरवर हाताला सतत चारेक किलो वजनाइतकं ढकलावं लागतं. ३० सेंटिमीटरवर ते पावणेतीनच्या आसपास येतं. हात लांबचं वर्तुळ फिरतो, पण जोर कमी. म्हाताऱ्या खांद्याला हेच हवं, असं मला वाटलं.

आजींनी चार मिनिटांत हात सोडला. "वर नेताना कळ येते," म्हणाल्या.

मग टेप काढली. फळी जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, चक्कीचा आडवा दांडा तिच्यावर ३० सेंटिमीटर, म्हणजे फिरण्याचा मध्य १०५ वर. मूठ ३० वर असताना ती सगळ्यांत वर १३५ ला जाते. आजींची उंची १५० सेंटिमीटर, खांदा १२३ वर. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला हात खांद्याच्या वर जात होता. नातवाचा खांदा १४२ वर, त्याला काही जाणवलंच नव्हतं. मी जोर मोजला, पोच मोजली नाही.

तीन वाटा होत्या. फळी खाली घ्यायची तर नातू आणि मुलगा वाकून फिरवणार आणि कंबर धरणार. मूठ २० वर आणायची तर मूठ १२५ पर्यंतच जाते, पण आजींना पुन्हा चार किलोंचा जोर. तिसरी वाट सुनेने सुचवली: आजींना उंच करायचं. १५ सेंटिमीटर उंचीचा, पाऊण मीटर लांब, जड लाकडाचा चौथरा, खाली रबराच्या पट्ट्या. आधी त्यांना स्टुलावर उभं करून पाहायचं नातवाच्या मनात होतं. आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. फिरतं चाक आणि डुगडुगतं स्टूल एकत्र नको.

चौथऱ्यावरून मध्य ९० वर येतो, मूठ जास्तीत जास्त १२० ला. खांद्याच्या खाली. शिवाय आजींनी स्वतःची एक सोय काढली: आधी पेच सैल ठेवून भरड काढायची, मग तीच भरड घट्ट पेचावर. दोन फेऱ्यांत ५०० ग्रॅमला २२ मिनिटं जातात, म्हणजे एकदाच काढण्यापेक्षा पाच जास्त, पण कुठल्याही क्षणी लागणारा जोर बराच कमी. आजी भरड काढतात, दुसरी फेरी सून किंवा मुलगा करतो. हे काम इतकं नीट वाटलं जाईल असं कुणी योजलं नव्हतं.

वापरातल्या चुका

नव्या दगडावरून आधी अर्धा-पाऊण किलो टाकाऊ गहू काढून ते पीठ फेकायचं असतं, दगडाची सैल कच निघून जावी म्हणून. सुनेने पाव किलोवर थांबवलं. पुढचे दोन दिवस दाताखाली कचकच आली.

गहू धुऊन वाळवले, वरून कोरडे लागत होते, आत ओल होती. अकरा-बारा टक्के ओल असलेला दाणा नीट दळला जातो; चौदाच्या वर गेला की पिठाची पापडी दगडाला चिकटते. घरी ओल मोजायचं यंत्र नसतं, पण काटा असतो. धुण्याआधी गव्हाचं वजन करायचं आणि वाळताना तेच वजन परत येईपर्यंत थांबायचं. दाणा दाताखाली धरला तर कट्‌ असा फुटायला हवा, चेपायला नको.

सगळ्यांत मोठी चूक नातवाची. घरी कुणी नसताना त्याने दगडी जोडीतून शेंगदाणे काढले. लोण्यासारखं काहीतरी बाहेर आलं आणि मग काहीच येईना. दगड पाण्याने धुवायचा नसतो, हे त्याला माहीत होतं, एवढं नशीब. पेच सैल करून कोरडे तांदूळ जाडसर काढले, ब्रशने खाचा झाडल्या, पुन्हा तांदूळ. तिसऱ्या खेपेला तांदळाचं पीठ पांढरं आणि कोरडं पडलं. तेव्हापासून पोलादी जोडी वेगळ्या डब्यात आहे आणि डब्यावर आजींच्या अक्षरात "तेलाचं" असं लिहिलं आहे.

रिकामी चक्की फिरवायची नाही, हा नियम मात्र कुणाला सांगावा लागला नाही. वरचे दाणे संपत आले की जाड घरघर पातळ होते आणि शेवटी दगड दगडाला लागल्याचा कोरडा आवाज येतो. तो एकदा ऐकला की हात आपसूक थांबतो.

परिणाम

सात महिन्यांनंतरची स्थिती अशी. रोज दळायचं ठरलं होतं. दळतात आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी ६०० ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला लागतं ४.१ किलो, घरी होतं २.४ किलो. उरलेलं पीठ बाहेरून येतं. मुलाला हे अपयश वाटतं. मला वाटत नाही, कारण पहिल्या चक्कीवर हा आकडा तिसऱ्या आठवड्यातच शून्यावर गेला होता.

या काळात वीज एकदाच दीर्घ गेली, दोन दिवस. त्या दोन दिवसांत दीड किलो दळलं. शेजाऱ्यांकडून आवाजाची तक्रार नाही. आजींचा खांदा दुखला नाही, पण त्या दहा मिनिटांच्या पुढे जात नाहीत आणि कुणी आग्रहही करत नाही.

जुनी बिडाची चक्की भरडीला आणि ओल्या डाळीला वापरात आहे. वापरल्यावर धुऊन तेलाचं बोट फिरवतात.

वेगळं काय करता आलं असतं

विजेचा पर्याय फार लवकर सोडला. वर्षातून चार-पाच दिवसांसाठीच हात लागणार असेल, तर रोजच्यासाठी विजेची छोटी दगडी चक्की दिवसा चालवायची आणि अडीअडचणीला एखादी साधी हातचक्की ठेवायची, हे गणित वाईट नव्हतं. सवलत जाऊ देऊन दहा दिवस थांबायला लावणारा मी, या मुद्द्यावर मात्र अर्ध्या तासात पुढे सरकलो. सून आजही म्हणते की हातचक्कीच बरी, पण ती आता आपल्या निवडीच्या बाजूने बोलते आहे, हे धरून ऐकावं लागतं.

मुलाचा सध्याचा बेत चाकाला पट्टा घालून मोटर जोडायचा आहे. चाकाला खोबण आहेच, म्हणून त्याला ते सोपं वाटतं. साधी मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे घेते. मोटरवर ५ सेंटिमीटरची कप्पी आणि चक्कीचं चाक ३० चं धरलं तर वेग सहापट उतरून २४० होतो, आणि हा दगड ६०-७० फेऱ्यांसाठी आहे. मधे आणखी एक कप्पीची जोडी किंवा गिअरची मोटर लागेल. ते करायचं तर हाताचा दांडा आधी काढावा लागेल, कारण मोटर चालू असताना फिरणारा दांडा कुणाचंही मनगट मोडू शकतो. हे मी त्याला लिहून दिलं आहे.

क्रमही उलटा झाला. चक्की आधी आली, बैठक नंतर, फिरवणाऱ्याची उंची सगळ्यांत शेवटी. पुढच्या घरी मी टेप घेऊन गेलो: आधी फिरवणाऱ्याचा कोपर आणि खांदा मोजला, मग फळी, मग चक्की. त्या घरात छोटी शंकूवाली पुरली. दोघंच माणसं, रोज दीडशे ग्रॅम.

या घरात सध्या बुधवार रिकामा आहे. नातू शिकायला बाहेरगावी गेला, आणि बुधवार त्याचा होता. मुलाने मूठ २५ च्या भोकात आणून ठेवली आहे. आजी म्हणतात की त्यांना ३० च बरी, म्हणून भरड काढायच्या दिवशी पाना घेऊन ती पुन्हा बदलावी लागते. नटाचे कोपरे आताच गोल व्हायला लागले आहेत. पुढच्या फेरीला नवा नट न्यायचा आहे.